थेंबाच्या मागच्या भिंतीशी

शेवटचा साधा दिवस इतका साधा होता, की नंतर आठवू गेलं तर मुलीच्या हाती त्यातलं धड काही लागेना. ती टेबलाशी बसून एका पुस्तकाची मुद्रितं तपासत होती, समोर बाबा चष्मा पुसत होते. पाण्याच्या थेंबांना हवेचे जबर धक्के द्यायचे आणि आत काय होतं ते पाहायचं, हा बाबांचा जन्माचा उद्योग.

"सांग बघू," ते म्हणाले, "थेंबाला समोरून दणका बसला, तर आत बुडबुडा कुठे उठेल?"

"समोर. दणका बसला तिथेच."

"साफ चूक," बाबा खूश झाले. पोरगी चुकली की त्यांना चहा गोड लागायचा. पण तेवढ्यात आत्याचा फोन आला नि उत्तर राहून गेलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, दूरच्या गावी एकटी राहणारी. रोज सकाळी ती भावाची हजेरी घ्यायची.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या जिन्यात बाबा कोसळले, ते उठलेच नाहीत.

मुलीने सगळं निभावलं. डोळ्यांतून टिपूस नाही. कोणी म्हणालं खंबीर आहे, कोणी म्हणालं दगड आहे. यातलं खरं काय, तिचं तिलाच कळेना. दगडाला भूक लागत नाही, तिला तर चांगली सपाटून लागायची.

एक गोष्ट तेवढी होईना. आत्याला सांगणं. ते तिनेच सांगायचं होतं, दुसरं होतंच कोण? पण आत्याचा फोन आला, "भाऊ कुठे गं?" म्हटलं, की हिच्या तोंडून निघायचं, "प्रयोगशाळेत." दुसऱ्या दिवशीही प्रयोगशाळेत. तिसऱ्या दिवशी आत्याने विचारलं, त्याने आता तिथेच खाट टाकलीय की काय. मुलगी चक्क हसली, आणि फोन ठेवल्यावर आपण कशाला हसलो म्हणून खुळ्यासारखी भिंतीकडे बघत बसली. दिवस जातील तसं सांगणं आणखी अवघड होत चाललं होतं.

शेवटी बाबांचं सामान आणायला ती प्रयोगशाळेत गेली. तिथे बाबांची जुनी विद्यार्थिनी होती, आता स्वतःच मोठी शास्त्रज्ञ. बोलताना शब्दांवर शब्द चढायचे, म्हणून बाबांनी तिचं नाव घाईबाई ठेवलेलं. मुलीने सामानाचं काही न विचारता थेंबाचं विचारलं.

घाईबाईने तिला पडद्यासमोर बसवलं आणि एका प्रयोगाचं चित्रण लावलं. लांब नळीत आवाजाच्या जोरावर अधांतरी तोललेला थेंब. एका बाजूने धक्का आला. थेंब जागचा हललासुद्धा नाही, गोलच्या गोल राहिला. घाईबाई सांगत होती, की धक्का आत शिरतो, पाणी दाबत दाबत पार पलीकडे जातो. तिथे मागच्या भिंतीवर आपटून परततो, पण परतताना उलटा होऊन. जाताना दाबत होता, येताना ओढतो. भिंत गोल, म्हणून ती ओढ एका जागी गोळा होते, आणि तिथे पाणी फाटतं.

"पाणी फाटतं?"

"फाटतं. ताणलं की फाटतं. तोच तुमचा बुडबुडा."

मुलीने बोट ठेवलं. "हा इथे?"

"दिसतो तिथे नसतो तो. थेंब म्हणजे भिंगच की, आतलं सगळं सरकवून दाखवतो. सुरुवातीला आम्हीही पडद्यावर पट्टी लावून मोजत बसलो होतो. सरसुद्धा. सगळी मापं फेकून द्यावी लागली."

मुलीने चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. धक्का येऊन गेला, थेंब शाबूत. मग मागे, सगळं आटोपल्यावर, एक काळा ठिपका. तो का, कसा, नेमका कुठे, तिच्या डोक्यात सगळी सरमिसळ झाली होती. समजलंही नव्हतं, उठवतही नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजला. घाईबाईने उचलला, ऐकलं आणि हाताने झाकून धरला. तिचा चेहरा उतरला होता. "तुमच्या आत्या. कुठून तरी इथला नंबर मिळवलाय. म्हणतायत, भाऊ रोज इथेच असतो ना, मग बोलवा त्याला." ती थांबली. बहुधा पहिल्यांदाच. "मी सांगू का?"

मुलीने नकारार्थी मान हलवली आणि फोनसाठी हात पुढे केला.

"अगं, तू तिथे काय करतेस?" आत्या विचारत होती. "त्याला दे बरं फोन. चांगली कानउघाडणी करते."

मुलीला आतून काहीतरी ओढल्यासारखं झालं. कुठून ओढतंय ते तिला कळत नव्हतं. फोन तिने दोन्ही हातांनी धरला.

"आत्या, खाली बस जरा. बसलीस? बाबा वारले गं. माझे बाबा वारले."