फोन चालू होता

भावजयीने फोन माझ्या मोबाइल रिपेरिंगच्या काउंटरवर असा आपटला की माझी स्क्रूची वाटी उलटली आणि अर्धे स्क्रू जमिनीवर गेले.

"अगं ए! आधीच मेलेल्याला आणखी काय मारतेस?"

"ताई, हा आत्ताच्या आत्ता चालू करा. आत कोण आहे ते मला बघायचंय."

फोन माझ्या भावाचा होता. चाळिशीला आला तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणतात. शाळेची बस चालवतो. नाकासमोर चालणारा माणूस. लहानपणी मी पाठीत धपाटा घातला तरी उलट बोलायचा नाही. आणि त्याची बायको मला भरदुपारी सांगत होती की त्याचं बाहेर काहीतरी आहे.

"बाहेर म्हणजे? बाई?"

"मग काय बाप्या?" ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "सदानकदा कानात ते इअरफोन. जेवताना तेच, झोपताना तेच. काल अंथरुणात मी जवळ सरकले तर आतून बाईचा आवाज! एकसारखी बडबड. कोण म्हणून विचारलं तर म्हणे गाणी आहेत. गाणी अशी असतात का हो, ताई?"

"आणि हा फोन कधी बंद पडला?"

"कोण जाणे. मी जाते तेव्हा काळाच असतो. काळ्या फोनवर बोट फिरवत बसतात आणि मी दिसले की उलटा ठेवतात. आज घाईत उशीखाली विसरून गेले म्हणून हाती लागला. बटण दाबदाब दाबलं, ढिम्म हलत नाही."

"काळ्या फोनवर काय बोट फिरवणार? तू आलीस की बंद करत असेल."

"तेच म्हणतेय ना मी! माझ्या तोंडाकडे बघत नाहीत आता. बोलताना नजर माझ्या कानाजवळून कुठेतरी पलीकडे. नवी साडी नेसले तरी एक शब्द नाही. मन खात असणार त्यांचं." तिने डोळे पुसले आणि एकदम शांत आवाजात म्हणाली, "मी बॅग भरून ठेवलीय. आज ठकी शाळेतून आली की तिला उचलायची आणि आईकडे जायचं. परत यायचं नाही."

ठकी म्हणजे त्यांची मुलगी, सात वर्षांची, माझा जीव की प्राण. रोज बापाच्याच बसने जाते, बापाच्याच बसने येते. आल्याबरोबर दुकानात शिरून माझ्या ड्रॉवरमधली जुनी कव्हरं उपसत बसते. ती आजोळी गेली की गेलीच. भावजय हट्टाची आहे, बोलली की करते. आणि धाकटा त्या पोरीवाचून आठवडा काढायचा नाही.

"थांब," मी म्हटलं. "आधी चालू होऊ दे. बाई सापडली तर त्याला मीच झोडपते, तू बॅग घेऊन जा. नाही सापडली तर तू मुकाट घरी जायचं. कबूल?"

"कबूल."

आता माझी कामाची पद्धत सांगते. गिऱ्हाइकाचं मी ऐकतच नाही. गिऱ्हाईक कायम खोटं बोलतं. फोन पाण्यात पडलेला असतो आणि माणूस शपथेवर सांगतो की खिशातच होता. त्यामुळे काय झालं, कसं झालं असलं मी विचारत नाही. बटणंही दाबत बसत नाही, ते घरी दाबून झालेलं असतं. फोन मीटरला लावायचा, करंट किती खातो ते बघायचं, आणि आकडा सांगेल ते खरं. एवढी वर्षं हेच चाललंय आणि यात माझं कुठे अडलं नाही.

मीटरला लावला. फोन व्यवस्थित करंट खात होता.

"जिवंत आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे बॅटरी ठीक, बोर्ड ठीक. स्क्रीन गेलीय. आत सगळं चाललंय, फक्त दिसत नाही." तेवढ्यात तो हातात थरथरला. कसला तरी मेसेज आला असणार. भावजयीने माझा दंडच पकडला. "बघा! तिचाच असेल!"

"असेल तर दिसेलच. माझ्याकडे याची स्क्रीन पडलीय, लावून देते."

मी हीटिंग प्लेट चालू केली. मागचं कव्हर गोंदाने चिकटवलेलं असतं, थोडं गरम केल्याशिवाय निघत नाही. प्लेट तापेपर्यंत कव्हर कुठून उचकटायचं ते बघायला मी फोन कडेने घट्ट धरला. धरताना अंगठ्याखाली आवाजाचं बटण दाबलं गेलं. दाबलेलंच राहिलं.

आणि फोन बोलला.

"बॅटरी बाहत्तर टक्के. चार्जिंग सुरू आहे."

बाईचा आवाज. आधी बारीक, मग मोठा. भावजय ताडकन उठली. "हीच! हीच ती मेली!"

मी काळ्या काचेवर बोट ठेवलं. "दोन नवीन सूचना," बाई म्हणाली. बोट खाली सरकवलं. "फोन करा. बटण." आणखी सरकवलं. "कॅमेरा. बटण."

मला असं हसू फुटलं की काउंटर धरावा लागला. "अगं वेडे! ही बाई नाही, हा फोनच आहे! स्क्रीनवर काय आहे ते वाचून दाखवतो. बोट ठेवशील ते बोलतो. याच्यावर जळत होतीस तू? या यंत्रावर?"

ती उभीच. मग तिच्या तोंडावर हळूहळू हसू आलं, रडण्याच्या मधूनच. "म्हणजे कुणी नाही?"

"कुणी नाही! जा, बॅग उपस आता. स्क्रीनसुद्धा गेलेली नाही याची. मुद्दाम काळी ठेवलीय. तशी सोय असते, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. त्यांना उजेडाचा काय उपयोग? बॅटरी वाचते आणि शेजारच्याला आपलं काही वाचता येत नाही. माझ्याकडे एक अंध मास्तर येतात, त्यांचा फोन अस्साच..."

बोलता बोलता माझी जीभ जागच्या जागी थांबली.

भावजय अजून हसत होती. "मग यांना कशाला हवं ते?"

मला ते काळ्या फोनवर फिरणारं बोट दिसत होतं. कानाजवळून पलीकडे जाणारी नजर. न दिसलेली साडी. मन खात नव्हतं त्याचं. अरे देवा, तो तिच्याकडे बघतच होता. त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"घरात आणखी काय काय करतो तो?" मी विचारलं.

"काय म्हणजे? पाणी ओतताना सांडतात. पेपर ठकीला मोठ्याने वाचायला लावतात, तिचं वाचन सुधारतं म्हणून. परवा शेजारच्या काकांना दारात कोण हवंय म्हणून विचारलं. मला वाटलं, लक्ष दुसरीकडे..." ती बोलायची थांबली. हसू तोंडावरच राहून गेलं होतं, पुसायचं राहिल्यासारखं. मग तिने घड्याळाकडे बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "शाळा सुटते आता."

मी माझा फोन उचलला त्याला लावायला. कोणाला लावणार? त्याचा फोन माझ्याच दुसऱ्या हातात होता. शाळेच्या ऑफिसला लावला, तिकडे नुसती रिंग जात राहिली. हीटिंग प्लेटचं बटण बंद केलं, शटर अर्धंच ओढलं आणि स्कूटर काढली. भावजय मागे बसली आणि तिने माझा खांदा असा आवळला की हात बधिर झाला. रस्त्यात कुणीतरी शिव्या घातल्या, आम्ही ऐकल्या नाहीत. मी सारखी स्वतःला सांगत होते की असं नसेल. इतकं नसेल. थोडं कमी दिसत असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. इतका मूर्ख कोणी नसतो. धाकटा तर नाहीच नाही.

बस गेटबाहेर उभी होती. इंजिन चालू. पोरं रांगेने चढत होती, दप्तरं एकमेकांवर आपटत. मी स्कूटर तशीच टाकली आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. धापेने तोंडातून शब्द फुटेना. नुसता हात वर केला.

धाकट्याने मान वळवली. माझ्याकडे बघितलं. सख्ख्या बहिणीकडे, हाताच्या अंतरावरून, स्वच्छ उन्हात.

"बाई, बाजूला व्हा जरा," तो आदराने म्हणाला. "बस मागे घ्यायचीय."

मी बसच्या आरशाचा दांडा धरला.

"धाकट्या, मी आहे."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने काही विचारलं नाही. मी का आले, कशी आले, काहीच नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवरून खाली आले आणि मांडीवर पडून राहिले.

"इंजिन बंद कर," मी म्हटलं.

त्याने केलं.

"किती दिसतं तुला?"

"कडेकडेचं दिसतं." तो इतका हळू बोलला की मला टाचा उंचावाव्या लागल्या. "मधलं गेलंय. सुट्टी लागली की सांगणारच होतो, ताई. रस्ता सगळा पाठ आहे माझा. वळणं पाठ आहेत, खड्डेसुद्धा पाठ आहेत. बस सोडली तर मी काय करू? दुसरं काही येतं का मला?"

मला त्याच्या मुस्कटात मारायची होती. त्याला पोटाशी धरायचंही होतं. त्याच्या पाठीमागे ती सगळी चिल्लीपिल्ली सीटवर उभी राहून बाहेर माना काढत होती, एकमेकांच्या वेण्या ओढत होती. जिभेला हाड नाही म्हणून जन्मभर बोलणी खाल्लेली बाई मी. माझी दातखीळ बसली.

भावजय दुसऱ्या बाजूच्या दारातून आत चढली होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. पहिल्याच सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, ठकी बसली होती. वॉटरबॅग मांडीवर, पाय हवेत.

"ठकी, उतर खाली. चल."

"आत्ता नको."

"उतर म्हणते ना!"

"आई, मी कशी उतरू?" ठकी वैतागली. "मग बाबांना सिग्नल कोण सांगणार?"

भावजयीचा हात हवेतच राहिला. ठकीने आईकडे बघितलं, मग खिडकीतून माझ्याकडे. आपण काही चुकीचं बोललो की काय, असं तिला वाटलं असणार, कारण तिने लगेच समजावून सांगितलं.

"आमचा खेळ आहे तो. बाबा विचारतात, मी सांगायचं. लाल, हिरवा, पिवळा. पुढे माणूस आलं तर 'माणूस' म्हणायचं, कुत्रं आलं तर 'कुत्रं'. झोप आली तरी झोपायचं नाही. कुणाला सांगायचंही नाही, पण तू आत्या आहेस ना, म्हणून."

धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलायला लागले. भावजय बसच्या पायरीवर मटकन बसली. मागच्या पोरांना वाटलं काहीतरी गंमत चाललीय, ती खिदळायला लागली.

बाप रडतोय हे बघून ठकी घाबरली. तिने वॉटरबॅग बाजूला ठेवली आणि त्याच्या बाहीला धरून माझ्याकडे वळली.

"आत्या, बाबांना रागावू नकोस. मी नीट सांगते. मी कध्धी चुकत नाही," ती म्हणाली. मग जरा विचार करून, खरं बोलायला हवं म्हणून, हळूच पुढे म्हणाली, "एकदाच चुकले होते."