पिवळा ठिपका

अंतिम सामन्याच्या आधीचे पंधरा दिवस आमचं शहर पार कामातून गेलं होतं. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या दाराला संघाचे रंग फासले होते. न्हाव्याने कप्तानासारखे केस कापून निम्मी पोरं ओळखू येईनाशी करून ठेवली होती. बँकेतला शिपाईसुद्धा टोकन देताना विचारायचा, "कोण जिंकणार?" मी म्हणायचो, "मला काय ठाऊक!" त्यावर तो असा बघायचा, जणू मी त्याच्या घरातली भांडी पळवली होती. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही.

मला कळतात ते लोखंडी पाइप आणि नट. जिथे गर्दी बसायची असते तिथे मी आणि माझा जोडीदार पाइपांचा सांगाडा उभा करतो. त्यावर फळ्या येतात, फळ्यांवर खुर्च्या येतात, की झाला स्टँड तयार. जोडीदाराला सगळे पैलवान म्हणतात, कारण जोराचा वारा सुटला की त्याला धरून ठेवावं लागतं. या वेळी मैदानात मोठा पडदा लावून सामना दाखवणार होते, आणि पडद्यासमोर दोन हजार माणसांचा स्टँड आम्हीच उभारला होता.

आमच्या कामात एक पद्धत आहे. पाइपांचा जोड पान्याने आवळायचा, आणि आवळून झाला की त्यावर ब्रशने पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की त्या जोडाकडे पुन्हा कोणी ढुंकून बघत नाही. तपासायला येणारे साहेब तर नुसते ठिपके बघून सही करतात. वीस वर्षांत मी आधी ठिपका आणि मग पाना असं एकदाही केलं नाही. निदान सामन्याच्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत माझा तसा समज होता.

मी जेवून आडवा झालो होतो. बायको बाहेरून ओरडली, "अहो, उठा, परत दाखवतायत तुम्हाला!"

तीन दिवसांपूर्वी टीव्हीवरची एक बातमीवाली मैदानात आली होती. तेव्हापासून आमची बातमी दिवसातून दहादा लागत होती, आणि मी ती बघायची टाळत होतो. आमच्या मुंगीने, म्हणजे माझ्या दहा वर्षांच्या लेकीने, ती मोबाइलमध्ये घेऊन अख्ख्या शाळेला दाखवली होती. मी डोळे चोळत बाहेर आलो. पडद्यावर मीच होतो. हातात ब्रश घेऊन, लग्नात फोटो काढतात तसा हसत, एकामागून एक ठिपके देत चाललो होतो. माझ्या मागे पैलवानही तेच करत होता.

पाना माझ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला होता. आणि ज्या जोडावर मी ठिपका देत होतो त्याचा नट बोल्टच्या अगदी टोकाशी होता. हाताने लावून सोडलेला.

मग सगळं आठवलं. बातमीवाली म्हणाली होती, "काका, ते आवळायचं नको, नुसती पाठ दिसते. रंगाचं दाखवा ना, काय छान दिसतंय!" आम्ही दोघांनी मागच्या रांगेतल्या सगळ्या जोडांना ठिपके दिले. नंतर आवळू, असं ठरवलं होतं. तेवढ्यात ठेकेदाराने जिन्याच्या कामाला हाक मारली, आणि आम्ही गेलो. परत आलो तेव्हा सगळीकडे पिवळे ठिपके होते. झालंय म्हणून पुढची रांग धरली.

"मुंगी कुठंय?" मी विचारलं.

"माझ्या ताईबरोबर कधीच गेली. मघाशीच फोन आला होता, मस्त जागा मिळालीय म्हणाली. सगळ्यात वर, डाव्या कोपऱ्यात."

मागची रांग सगळ्यात वरच्या खुर्च्यांखाली येते, आणि डावा कोपरा माझा होता. बायको "अहो, काय झालं?" विचारत राहिली, मी चपला घातल्या, पाना उचलला आणि धावत सुटलो.

धावता धावता ठेकेदाराला फोन लावला. पाचव्यांदा उचलला.

"साहेब, मागची रांग सैल आहे. लोकांना खाली उतरवा."

"ठिपके आहेत ना?"

"आहेत. पण आवळलेलं नाही."

"शुद्धीवर आहेस का तू? समोर मंत्री बसलेत. एका नटासाठी दोन हजार माणसं उठवू?" त्याने फोन ठेवला. पैलवानाचा फोन नुसताच वाजत राहिला.

मैदानाच्या दाराशी पहारेकरी पासाशिवाय सोडेना. आतून आरडाओरडा येत होता, सामना सुरू झाला होता. मी हातापाया पडलो, शिव्या दिल्या, कशाने काही होईना. शेवटी त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि तोंडभर हसला. "अरे, तुम्ही टीव्हीवाले काका!" त्याने गळ्यात हात टाकून फोटो काढला आणि मला आत सोडलं. त्या फोटोत मी कसा दिसतोय, देव जाणे.

स्टँडखाली शिरलो. वर दोन हजार माणसं बसलेली असताना खाली कसला आवाज असतो, हे मला माहीत नव्हतं, कारण तोवर आमचं काम संपलेलं असतं. डोक्यावर फळ्या धडधडत होत्या, फटींतून धूळ आणि दाण्यांची टरफलं पडत होती. मोबाइलच्या उजेडात मी माझ्या पहिल्या ठिपक्यापर्यंत पोचलो आणि नटाला हात लावला. तो बोटांनी फिरला. दुसराही फिरला. घाईत पाना दोनदा निसटला. सोळा जोड होते. प्रत्येक जोडाला मी मुंगीचं नाव घेत होतो, आणि वर गर्दी उसळली की डोळे मिटून तसाच पाइपाला मिठी मारत होतो. सोळाही आवळले. घाम पुसला आणि उजेड पैलवानाच्या बाजूला फिरवला.

तिथला पाइप जोडातून दोन बोटं खाली सरकला होता.

खडूने केलेली खूण वर राहिली होती आणि पाइप खाली आला होता. पान्याने तो आता जागेवर येणार नव्हता. वरचं वजन उतरल्याशिवाय सरकलेला पाइप उचलता येत नाही. वर लोक पुन्हा उसळले, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो आणखी नखभर सरकला. मी इतका घाबरलो की ओरडायलाही आवाज फुटेना. ते बरंच झालं. स्टँड पडतोय असं मी ओरडलो असतो, तर दोन हजार माणसं दोन जिन्यांवर तुटून पडली असती आणि मुंगी त्यांच्या पायाखाली गेली असती.

पडद्याखाली माइक घेऊन निवेदक उभा होता. मध्यंतराला दोन मिनिटं होती. मी त्याच्या कानात सगळं सांगितलं, आणि काय बोलायचं तेही सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आवाज मात्र तसाच खणखणीत राहिला. त्याच्यासारखं काळीज मला हवं होतं.

"मंडळी, खुशखबर! मध्यंतरापासून टीव्हीवाले आपल्याला थेट दाखवणार आहेत, पण फक्त मैदानात उभं राहणाऱ्यांना! सगळ्यात वरच्या रांगेपासून सुरुवात. सावकाश, एकेक जण. धक्काबुक्की दिसली तर कॅमेरा बंद!"

टीव्हीत दिसायचं म्हटल्यावर काय विचारता! माणसं शाळेतल्या पोरांसारखी रांगेने उतरू लागली. मंत्रीसुद्धा केस सारखे करत उतरले. मुंगीची मावशी उतरली ती थेट पुढे जाऊन हात हलवू लागली. पैलवान गालांना रंग फासून उतरला, माझं तोंड बघितलं, आणि न विचारता मटकन खाली बसला. सामना पुन्हा सुरू झाला तोवर स्टँड रिकामा झाला होता.

वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच ठिपका उरला होता. मुंगी होती. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर दप्तर आणि ओढणी टाकून जागा धरून बसली होती.

"मुंगे, खाली ये!"

"मावशीने हलू नको म्हणून सांगितलंय! जागा जाईल!"

मला वर जायचं होतं, आणि जाता येत नव्हतं. ती एवढीशी होती, माझं वजन ऐंशी किलो. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, लोखंड करकरलं, आणि मी पाय मागे घेतला. बापाला असला हिशेब करावा लागू नये. "बाळा," मी म्हणालो, "माझं ऐक. दप्तर राहू दे. सावकाश उठ. पाय न आपटता, तुझ्या जवळच्या जिन्याने ये."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ती मुकाट उठली. आठ रांगा उतरली आणि नेमका तेव्हाच गोल झाला. मैदान दणाणलं. मुंगी गर्रकन पडद्याकडे वळली, दोन्ही हात वर गेले, गुडघे वाकले.

"उडू नकोस!"

ती तशीच हात वर करून थांबली. मग हळूच हात खाली घेतले आणि एकेक पायरी उतरत माझ्याकडे आली. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "बाबा, दुखतंय." मला सोडवत नव्हतं. मी सगळ्यांदेखत हमसून रडलो. आपला गोल झाला म्हणून रडतोय असं वाटून कोणीतरी माझी पाठ थोपटली.

ठेकेदार धापा टाकत आला. "पडला का? सांग ना, पडला का स्टँड?" मी त्याला स्टँडखाली नेऊन सरकलेला पाइप दाखवला. त्याने इकडेतिकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, ठिपके सगळ्यांवर आहेत. लोकांच्या उड्यांनी जोड सैल झाले असं म्हण. तू सुटशील, मीही सुटेन."

खोटं नाही सांगत, मला ते पटलं. वीस वर्षांचं काम होतं, घर त्यावर चालत होतं. मी मान हलवणार होतो. मुंगी माझं बोट धरून उभी होती. तिच्या गालांवर फासलेला संघाचा रंग ओघळला होता. ती त्या पिवळ्या ठिपक्यांकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी ती बातमी किती वेळा बघितलीय. पाना तुमच्या कमरेलाच होता."

ठेकेदार म्हणाला, "लहान आहे ती, तिला काय कळतंय!"

"मग ठिपका का दिलात?" तिने मला विचारलं.

मी खाली बसलो, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि ठेकेदारालाही ऐकू जाईल असं सांगितलं, "टीव्हीवर छान दिसतं म्हणून."