भिंग, फेटा आणि कौशल्येची नजर

मी भिंग. खोटं मी बोलत नाही. लहानाचं मोठं करून सांगतो, एवढंच.

जन्म विलायतेतला. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा एक साहेब मला खिशात घालून उमरावतीच्या बाजारात उतरला. कापसाचा धागा माझ्यातून पाहायचा नि मान डोलवायचा. जानराव पाटलांचा माल पाहून इतका खूश झाला, की मलाच त्यांना देऊन गेला. पाटलांनी माझा गुण लगेच ओळखला: उन्हात धरून चिलीम पेटवायची. एकदा मी त्यांचं धोतरही पेटवलं. ते चुकून नव्हतं.

पुढच्या हंगामात बोंडांत किडे पडले. पाटील म्हणाले, "कौशल्येची नजर लागली. उद्यापासून वेचायले येऊ नको."

कौशल्या एकटी बाई, चूल वेचणीवर. नजरेची म्हणून हाकलली, तर गावात दुसरं कोण शेतात घेणार?

ती गेली नाही. चिलमीजवळून मला उचलून तिने पानाखाली धरलं. "पाटील, हे ठिपके पाहा. अंडे आहेत. रातचं पाखरू घालून राहिलं."

"किडे आभायातून पडतात, नाही तं नजरेनं. बापजाद्यापासून पडून राहिले."

"मंग पाहूनच घेऊ. तुमचा फेटा द्या."

तिने दोन फांद्या माझ्यातून पाहून ठिपका न ठिपका पुसला. एकीला पाटलांचा मलमली फेटा गुंडाळला, दुसरी उघडी ठेवली. "आता दोन्हीले माही नजर."

आठ दिवस ती समोर बसून डोळे वटारत होती. पाटील उघड्या डोक्याने पहाऱ्यावर.

"जास्त वटार!"

"डोये बाहेर पडतीन आता, पाटील!"

नवव्या दिवशी उघड्या फांदीवर किडेच किडे, फेट्यातली कोरी. पाटलांनी माझ्यातून तीनदा पाहिलं. चौथ्यांदा मला उलटं धरून पाहिलं. किडे तेवढेच.

"पन त्या पाखराले धाडलं कोनं?"

"घरी दुसरा फेटा आहे का, पाटील?"

पाटलांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "उद्या वेचायले ये. गावाले मी सांगतो."

सांगितलं. विलायतेहून खरं दाखवणारा देव आला आहे, असं सांगितलं. तेव्हापासून मी देवघरात, काचेवर बोटभर शेंदूर. देव झाल्यापासून मला काही दिसत नाही.

दर हंगामात कौशल्या पाया पडायच्या निमित्ताने येते, मला पुसते, शेतात नेते. कापसाच्या पऱ्हाटीला पुन्हा फुलं आली म्हणे. कौशल्ये, लवकर ये. पदर जाडाभरडा आण. यंदा शेंदूर दोन बोटं आहे.