प्लग काढणाऱ्याने मला नादुरुस्त म्हटलं

मी लशींचा फ्रिज बोलतोय. बोलायची हौस नाही. आमच्या यॉर्कशायरच्या गावातल्या क्रिकेट क्लबची स्मरणिका निघायची आहे. मैदानावरच्या रोलरने म्हणे आपली हकीकत सांगितली, म्हणून आता माझ्यामागे लागलेत. रोलरला काय, बडबडायची सवयच आहे.

मी शिकलेला नाही. आकडे तेवढे कळतात, तेही दोन ते आठ. लस तेवढ्याच अंशांत टिकते. गावच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं मी पाचावर उभा राहिलो. नर्स हेस्केथबाई सकाळ-संध्याकाळ माझा आकडा वहीत लिहायच्या. अशी माणसं कमी.

दवाखान्याचा व्यवस्थापक पम्फ्री. त्याला पाट्यांचा भारी नाद. हात कसे धुवावेत, दार कसं लोटावं, सगळ्याची पाटी, वर प्लास्टिक. माझ्या प्लगवरही त्याच्याच अक्षरात होतं: हा कधीही काढू नये.

मग सरकारी तपासणीचं पत्र आलं. पम्फ्रीची झोप उडाली. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने स्वयंपाकघर रंगवून काढलं. रंग वाळला नाही. सकाळी नऊला सगळ्यांना तलफ आली, चहा तर हवाच. ह्या लोकांच्या घराला आग लागली तरी आधी किटली ठेवतील. पम्फ्री विजेची किटली घेऊन माझ्या खोलीत आला, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याने स्वतःची पाटी बाजूला सारली आणि माझा प्लग काढून तिथे किटलीचा लावला.

चहा झाला. मी मात्र तसाच. अकराला त्याला आठवलं. मांजरासारखा आला, प्लग लावला, किटली उचलून गेला.

बारा वाजता बाईंनी पाहिलं तर अकरा अंश. त्यांनी लशी बाजूला काढल्या, वर ‘वापरू नये’ लिहिलं आणि दुपारी टोचून घ्यायला येणाऱ्या बावीस म्हाताऱ्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. पम्फ्रीचा चेहरा ओल्या रंगासारखा झाला.

"बाई, वहीत पाच लिहा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना, साहेब."

त्यांनी अकरा लिहिलं. मला वाटलं, आता बाईंची नोकरी जाते.

तपासणीच्या अडेयेमीबाई आल्या. वही चाळता चाळता थांबल्या. म्हणाल्या, "जिथं जाते तिथं पाचच पाच. खरा आकडा आज पहिल्यांदा बघतेय." हेस्केथबाईंचं कौतुक झालं, दवाखाना पास झाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी विचारलं, हे झालं कशामुळे?

पम्फ्रीने माझ्या डोक्यावर थाप मारली. "जुना झालाय हो बिचारा. मधेच बंद पडतो."

मधेच बंद पडतो! एकोणीस वर्षांत एकदाही नाही. बाईंना तरी काय माहीत, त्यांनी खरं मानलं. अहवालात आलं: फ्रिज नादुरुस्त, बदलावा. पुढच्याच आठवड्यात मला ढकलगाडीवर घातलं. बाई दारापर्यंत आल्या, पण त्यांच्या नजरेत मी अकराचाच.

आता क्लबात बिअर सांभाळतो. तक्रार नाही, बाटल्या सुया टोचत नाहीत. पण दर शनिवारी एक गिऱ्हाईक येतं, माझ्यातली बाटली गालाला लावतं आणि सगळ्यांदेखत म्हणतं, "काय गार ठेवतो हा गडी!" मला स्तुती नको. हेस्केथबाईंसमोर त्याने एकदा खरं सांगायचं आणि माझी माफी मागायची, एवढंच. ऐकतोयस ना, रुपर्ट पम्फ्री?