आमसुलाने घासलेला ट्रम्पेट

मित्रांनो, लग्नाच्या वरातीत सगळ्यांत पुढे राहून जो तुमचे कान किटवतो, तो मी. ट्रम्पेट. जन्म मेरठचा, पण आयुष्य गेलं रत्नागिरीत. चाळीस वर्षांपूर्वी नवप्रकाश ब्रास बँडच्या गंगारामदादांनी मला आणलं. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचे ओठ मला लागलेले नाहीत. याचा मला गर्व आहे, लपवत नाही.

वराती, चौदा एप्रिलच्या मिरवणुका, शाळेची संचलनं, सगळीकडे आम्ही वाजलो. लोक नाचले, पण ऐकलं कुणी नाही. नवरी सासरी निघताना वाजवायची एक धून दादांनी स्वतः बसवली आहे. दोन ओळी होतात न होतात तोच गाडी सुरू होते, कुणीतरी हात करतो आणि आम्ही थांबतो. ती धून शेवटपर्यंत कुणी ऐकलीच नव्हती. दादांना आयुष्यात तेवढी एकच गोष्ट हवी होती.

यंदा भाट्याच्या किनाऱ्यावर जाझ महोत्सव भरला. गावातले वादक म्हणून दादांना दहा मिनिटं मिळाली. समोर खुर्च्या, आणि लोक चक्क बसून ऐकणार!

त्या सकाळी दादा दाढी करायला गेले आणि त्यांच्या पत्नी येसूबाईंनी मला पडवीत घेतलं.

"येवढी मानसां बसून ऐकनार, नि ह्यो असा काळाकुट्ट?"

त्यांनी आमसुलं भिजवली. घरची पितळेची भांडी त्या तशीच घासतात. मी लखलखलो. उरलेलं पाणी, मी आतूनही स्वच्छ व्हावं म्हणून, त्यांनी माझ्या तोंडात ओतलं. दादा परत आले ते बघतच राहिले. बोटांचे डाग पडतील म्हणून त्यांनी मला फुंकलंही नाही, तसंच फडक्यात गुंडाळलं.

संध्याकाळी मंचामागे सगळे वादक जमले होते. गोव्याचा ड्रमवाला पाण्याच्या पिंपावर हात मोकळे करत होता. माणसाएवढं व्हायोलिन सांभाळणाऱ्या एका उंच बाईंनी दादांना बसायला स्वतःची खुर्ची दिली. मुंबईची राही माझ्याच जातीचं वाद्य वाजवणारी. तिने विचारलं, "काका, कुणाकडे शिकलात?"

"वरातीत," दादा म्हणाले.

ती हसली नाही. "चालता चालता वाजवता? मला नाही जमायचं."

दादांनी फडकं सोडलं आणि सूर बदलणारा माझा मधला दट्ट्या दाबला. तो खाली गेला तो वर येईना. राहीने मला नाकाशी नेलं. "यात कोकम कसं गेलं?"

येसूबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. दादांनी तिकडे एकदा पाहिलं. "माझ्याच हातून सांडलां, बाय."

"हा आता खोलून धुवावा लागेल. तुम्ही माझा घ्या."

"दुसऱ्याचा कधी वाजवला नाय."

"धून तर तुमचीच आहे ना?"

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. दादांनी मला खुर्चीवर ठेवलं आणि तिचा ट्रम्पेट घेऊन ते गेले. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. चाळीस वर्षं मी साथ दिली आणि नेमक्या त्याच दिवशी दुसरा!

मग धून सुरू झाली. मित्रांनो, मी सदा त्यांच्या ओठांशी होतो, पण दादांना लांबून असं कधी ऐकलंच नव्हतं. दोन ओळी झाल्या. दादा सवयीने किंचित थबकले. गाडी आली नाही, कुणी हात केला नाही. ते पुढे वाजवत गेले, अगदी शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला होता.

येसूबाई शेजारणीला सांगत होत्या, "बघितलास कसा चमकतो? आमसुलानं घासलाय मी!" दादांनी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.

राहीने दुसऱ्या दिवशी मला खोलून धुतलं, तेल घातलं. आता मी पुन्हा वाजतो. तेव्हा वाद्याच्या पोटात आंबट काही ओतू नका, एवढं लक्षात ठेवा. आणि लग्नात नवरी निघेल तेव्हा गाडीवाल्याला जरा थांबवा. धून चार मिनिटांची आहे. वाजवणारा आता सत्तरीचा झाला आहे.