वरचा हात

मित्रांनो, तलावाच्या पाळीवरच्या ज्या नव्या बाकावर बसून तुम्ही मुरमुरे खाता, त्याच्या अगदी खाली मी आहे. मी या तलावाचा जुना तुडूम. तलावातले पाणी खालच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, सोडायची जी दगडी वाट असते, तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. माझ्या तोंडात एक लाकडी दट्ट्या आहे. दांड्याला धरून तो वर ओढला की पाणी जाते, खाली सोडला की थांबते. एवढेच माझे काम. चोरखमाऱ्यासारख्या मोठ्या तलावाचे पाणी पाहून आलेल्यांना मी अगदीच किरकोळ वाटेन, आणि मी आहेच किरकोळ.

मला तलाव बांधण्यात तरबेज असलेल्या कोहळी लोकांनी घडवले. किती वर्षे झाली ते मी मोजले नाही. दगड बसवले तेव्हाच त्यांनी एक रीत घालून दिली. दांड्याला दोन हात लागल्याशिवाय मला उघडायचे नाही. एक हात वरच्या गावाचा, एक खालच्या. तलाव भरला की वरच्या गावाच्या जमिनी बुडायच्या, रिकामा झाला की त्यांची जनावरे तहानायची. खालच्या गावाला मात्र धानासाठी पाणी हवे असायचे. म्हणून दोघांनी मिळून ठरवायचे. भांडणे व्हायची, शिवीगाळही व्हायची. पण शेवटी वरचे उमराव पटेल आणि खालचा पाणी वाटणारा उदाराम पाळीवर येत, दांड्यावर हात ठेवत आणि मला उघडत. लोक म्हणत, तुडूम असावा तर असा. तेव्हा मला ते आवडायचे.

मग वरचे गाव शहरात गेले. म्हणजे गाव जागेवरच राहिले, नगरपरिषदेची हद्द पुढे सरकली. गावाचा वॉर्ड झाला, तलावही हद्दीत आला. त्याच वर्षी उमराव पटेल वारले. त्यांच्या जागी हात कोणाचा, हे ठरवायला ग्रामसभाच उरली नव्हती. नगरपरिषदेने मोठा आराखडा केला. फरशी, दिवे, बाके, बदकाच्या आकाराच्या दोन होड्या. अभियंता चंद्रकुमार साहेबांनी नकाशा माझ्याच डोक्यावर पसरला होता, म्हणून मी तो पाहिला. नकाशा सुंदर होता. पाळीपर्यंत रंग होते, पाळीच्या खाली कागद कोरा होता. त्या कोऱ्या कागदावर खालच्या गावच्या सुमित्राबाईंचा दीड एकर धान उभा होता.

गेल्या वर्षी दसऱ्याआधीच पाऊस गेला. धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. एक पाणी हवे होते, एकच. उदाराम पाळीवर येऊन बसला. एक दिवस, दुसरा, तिसरा.

"काऊन बसून राहिलास, भाऊ? उघड ना!" सुमित्राबाई म्हणाल्या.

"वरचा हात आल्याबिगर कसा उघडू, बाई? माह्या बापानं बी एकट्यानं नाई उघडला."

"वर आता कोन हाये? बाके हायेत!"

त्या नगरपरिषदेत गेल्या. चंद्रकुमार साहेब भला माणूस, त्यांनी बसायला खुर्ची दिली. "बाई, तलाव हमारा है, पण शेत आमच्या हद्दीत नाही. होड्यांसाठी पाणी ठेवायचं आहे. ग्रामपंचायतीचं पत्र आणा, बैठकीत ठेवू."

खालच्या गावच्या सरपंच पुष्पांजलीताईंनी पत्र लिहायला घेतले आणि पेन थांबवले. "तलाव आपला राह्यला नाई, मावशी. कोनत्या हक्कानं मागू?" तरी त्यांनी लिहिले. पत्र गेले. बैठक पुढच्या महिन्यात होती.

नवव्या दिवशी उदारामने एकट्याने दट्ट्या ओढला. मला एकच हात लागला आणि मी उघडलो; एका हातानेही ते जमतेच. पाणी बांधीत पोचले तेव्हा लोंब्या पांढऱ्या पडल्या होत्या. सुमित्राबाईंनी एक लोंबी तोडली, दाणा नखाने दाबला. दूध निघाले नाही. लोंबी माझ्या दगडावर ठेवून त्या घरी गेल्या.

तुम्हाला वाटेल, मी हळहळलो असेन. नाही, मित्रांनो. मला काहीच वाटले नाही, आणि आता त्याचीच भीती वाटते. परवानगीशिवाय पाणी सोडले म्हणून माझ्या दांड्याला कुलूप लागले. बदके छान तरंगतात.

मला रंग नको, दिवा नको. तुमच्यात कुणी वॉर्डातले असेल, कुणी खालच्या गावचे. घरी गेल्यावर एवढेच विचारा, आपल्या बाजूचा हात कोणाचा? उदाराम अजून रोज संध्याकाळी येतो. कुलूप लावलेल्या दांड्याच्या एका बाजूला बसतो, दुसरी मोकळी ठेवतो. तिथे कुणी टेकू लागले की म्हणतो, "तिथी नको बसू, बापा. तिथी वरचा मानूस येनार हाये."