क्रेनची कंबर

घरसामान हलवणाऱ्या त्या गड्याला सगळे ‘क्रेन’ म्हणत. एकटा फ्रिज पाठीवर घेऊन तीन जिने चढायचा. कामात जोडीला त्याचा साडू. अंगाने काडी, पण जीभ दोघांच्या वाटणीची.

एके सकाळी दोघांनी एका पिलाटीस व्यायामाच्या वर्गात रिफॉर्मर नावाचं यंत्र पोचवलं. लांबलचक लाकडी चौकट, तिच्यात स्प्रिंगांवर मागेपुढे सरकणारी गादी, वर हातापायांत अडकवायचे पट्टे.

“पलंग म्हणावा की पाळणा?” साडू म्हणाला.

क्रेन हसत हसत चौकट खाली ठेवायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. कंबर धरली होती.

वर्ग चालवणाऱ्या बाई साठीच्या, पूर्वी नाच शिकवायच्या. त्यांनी त्याला त्याच गादीवर अलगद आडवं केलं. “डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणाले की इथे या.”

“मी? अहो, हे बायकांचं काम!”

“मग बायकांना विचारूनच या,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी औषध, विश्रांती दिली आणि वर सुनावलं, “दंड दगडासारखे, पण पोटाचे आतले स्नायू झोपलेले. सगळा भार बिचारी कंबर वाहतेय. दुखणं थांबलं की त्या बाईंकडे खुशाल जा.” दुखणं ओसरलं तसं बायकोनेही आपलं घोडं पुढे दामटलं. “जा हो! कूस बदलताना तुम्ही कण्हता आणि झोप माझी उडते.”

साडूला ‘बँकेत काम आहे’ अशी थाप मारून तो गेला. बाईंनी एकच हलकी स्प्रिंग लावली.

“एवढीच? आणखी दोन लावा की!”

“आधी हिला सांभाळा.”

तो गुडघे टेकून गादीवर बसला, पट्टे धरून हात पुढे नेले, आणि गादी त्याच्याखालून निसटायला बघू लागली. पोट थरथरलं, कपाळ घामाने डबडबलं. शेजारच्या आजी तेच करता करता नातवाच्या खोड्या सांगत होत्या. क्रेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घरी जाताना पाठ कशी मोकळी, हलकी वाटली! तो पुन्हा गेला. जातच राहिला.

काही महिन्यांनी एक जड कपाट उचलताना साडू थबकला. “हल्ली कण्हत नाहीस. उचलताना श्वास काय सोडतोस, पोट काय आवळतोस... भानगड काय आहे?”

क्रेनने खरं सांगून टाकलं. साडू पोट धरधरून हसला. मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, “माझा खांदा वर जात नाही रे. मला घेतील?”

त्या रविवारी क्रेन धाकट्या लेकीशी खेळायला जमिनीवर बसला. खेळ संपला तसा कशालाही हात न टेकता सरळ उभा राहिला. लेक डोळे विस्फारून बघत राहिली.

“बाबा, परत बस ना! आणि परत ऊठ!”

तो बसला, उठला. मग दोघंही हसून बेजार होईपर्यंत हाच खेळ चालला.